डागडुजीचा घाम आणि जागेचा नफा

मोडकळीस आलेले घर स्वस्तात विकत घ्यावे, स्वतःच्या हातात थापी आणि करवत घेऊन ते राहण्याजोगे करावे आणि चढ्या भावाने विकावे किंवा पर्यटकांना भाड्याने द्यावे, हा व्यवसाय शहरी मध्यमवर्गाच्या नजरेत अलीकडे भरू लागला आहे. अमेरिकेत तो जुना आहे. २००८ च्या आर्थिक अरिष्टात कर्जदारांच्या हातून गेलेली घरे पुढे अनेकांनी याच रीतीने विकत घेतली आणि रंगरंगोटी करून बाजारात आणली. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील आणि मुंबई-पुण्याच्या परिघातील गावांकडे आता तीच दृष्टी वळत आहे. तिचे आकर्षण केवळ नफ्यात नाही. तिच्यामागे एक नैतिक दावा उभा आहे. जमीन नुसती अडवून ठेवणारा सट्टेबाज असेल, पण दुरुस्ती करणारा माणूस राबतो, पडीक वास्तूला जीव देतो आणि म्हणून त्याचा नफा हे त्याच्या घामाचे फळ होय, असा हा दावा आहे.

समाजवाद्यांनी तो हेटाळणीने बाजूला सारू नये. श्रम हेच मूल्याचे उगमस्थान मानणाऱ्या चळवळीला, श्रमाच्या नावाने मागितलेल्या मोबदल्याची तपासणी श्रमाच्याच मापाने करावी लागेल. शिवाय दुरुस्ती हे खरोखरच उपयुक्त काम आहे. कौले परतणे, किडलेला वासा बदलणे, दगडांच्या दरजा भरणे, ओल धरलेल्या भिंतीचा गिलावा खरवडून नवा देणे, ही कामे वास्तूचे आयुष्य वाढवतात आणि नवी वीट, नवे सिमेंट, नवी वाळू यांची बचत करतात. तेव्हा दुरुस्ती चांगली की वाईट हा वाद नाही. दुरुस्त घराच्या किमतीत घामाचा भाग किती आणि जागेचा भाग किती, आणि त्यातला कोणता भाग कोणाच्या पदरात पडतो, एवढाच प्रश्न आहे.

एका कल्पित हिशेबाने तो स्पष्ट होईल. समजा, एखाद्याने मुद्रांक शुल्कासह दहा लाख रुपयांना जुने घर घेतले. साहित्यावर दोन लाख आणि गवंडी, सुतार, बिगारी यांच्या मजुरीवर एक लाख खर्च केला. तो स्वतः नव्वद दिवस राबला. त्याच्या श्रमाला कसलेल्या गवंड्याची म्हणून दिवसाला एक हजार रुपये रोजी धरली तरी ते नव्वद हजार होतात. गुंतलेल्या तेरा लाखांवर वर्षाचे दहा टक्के व्याज धरले तर आणखी एक लाख तीस हजार. अशा रीतीने सर्व श्रमांचा आणि भांडवलाचा पुरता मोबदला देऊन घराची किंमत पंधरा लाख वीस हजार होते. घर वीस लाखांना विकले गेले, तर उरलेले चार लाख ऐंशी हजार कशाचे? त्यातला काही भाग जोखमीचा आणि योजकतेचा म्हणून सोडून देता येईल. तरीही बाकी उरतेच, आणि ती घामातून आलेली नसते, कारण घामाचा हिशेब आधीच चुकता झालेला आहे.

ही बाकी कोठून येते ते पाहण्यासाठी हेच घर मनाने उचलून जुन्नर तालुक्यातील आणे गावी नेऊन ठेवावे. कल्याण-अहिल्यानगर रस्त्याने आळेफाटा आणि बेल्हे मागे टाकून आणे घाट चढला की हे गाव लागते. पेमदरा, नळावणे, शिंदेवाडी ही त्याच पठारावरील शेजारची गावे. तालुक्याचा पश्चिम भाग धुवाधार पावसाचा आणि धरणांचा, पूर्वेचे हे पठार मात्र अवर्षणाचे. येथे तोच दगड, तोच चुना, तीच नव्वद दिवसांची मेहनत घातली तर घर तितकेच भक्कम होईल. पावसाळ्यात ते लोणावळ्यातील घराइतकेच कोरडे राहील. पण त्याला वीस लाख रुपये कोणी देणार नाही. बहुधा दुरुस्तीचा खर्चही भरून निघणार नाही. श्रम तेच, कौशल्य तेच आणि निवाराही तोच. बदलली ती केवळ जागा. म्हणजे वरच्या हिशेबातील बाकी ही जागेची किंमत होती आणि ती थापीच्या आड लपून मालकाच्या खिशात गेली.

रिकार्डोने १८१७ मध्ये जमिनीच्या खंडाची जी मीमांसा केली, तिचे सार हेच आहे. सुपीक किंवा मोक्याच्या जमिनीच्या मालकाला जे अधिक मिळते ते त्याच्या अधिक श्रमांमुळे नव्हे, तर जागेच्या फरकामुळे. हेन्री जॉर्जने १८७९ मध्ये त्यावरून राजकीय निष्कर्ष काढला : जी वाढ समाजाने निर्माण केली, ती कराच्या रूपाने समाजाकडे परत यावी. आणे पठाराला या सिद्धांताचा अर्थ पुस्तक न उघडताही कळतो. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही धरणे जुन्नर-आंबेगावच्या भूमीत उभी राहिली. त्यांच्या कालव्यांनी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत पाणी नेले. पठार मात्र कालव्यांच्या पातळीहून उंच असल्याने कोरडे राहिले. कालव्याखालच्या जमिनीचा भाव चढला तो सार्वजनिक पैशाने, धरणात घरेदारे आणि शेती गमावलेल्यांच्या त्यागाने आणि मजुरांच्या कष्टाने. त्या भावाचे श्रेय घराला रंग लावणाऱ्याला देणे हे अर्थशास्त्राच्या कोणत्याही पंथात बसत नाही.

उपसा सिंचनाने पठारावर पाणी चढवावे, ही तेथील जुनी मागणी आहे. ती न्याय्य आहे आणि ती पुरी होण्यासाठी कार्यकर्त्यांनी झटले पाहिजे. परंतु त्या पाण्याबरोबर आणखी काय चढेल याचाही विचार आज करून ठेवला पाहिजे. २०१८ मध्ये शासनाने जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून घोषित केला. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेने गावठाणातील घरांची ड्रोनद्वारे मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचे ठरवले. घराला निर्विवाद कागद मिळणे चांगलेच. त्यामुळे गरिबालाही बँकेच्या दारात उभे राहता येते. पण जो कागद तारणासाठी उपयोगी पडतो, तोच विक्रीसाठीही पडतो. शतकभर गावठाणातील घर हे राहण्याचे ठिकाण होते, ते आता बाजारातील वस्तू होण्यास मोकळे झाले आहे. पाणी, रस्ता आणि पर्यटन ही तिन्ही येण्यापूर्वी जो तेथील पडकी घरे घेऊन ठेवील, त्याला पुढे मोठा लाभ होईल आणि तो लाभ तो स्वतःच्या थापीच्या नावे मांडील.

येथे एक शंका येईल. घरे पडकी आहेत आणि वारसांना त्यांची काळजी नाही, तर ज्याला काळजी आहे त्याने ती का घेऊ नयेत? घर पडके का होते, हे पाहिल्याशिवाय या शंकेचे उत्तर देता येत नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड या तालुक्यांतून मुंबईला पोट भरण्यासाठी जाण्याची वाट फार जुनी आहे. मुंबईचे डबेवाले प्रामुख्याने याच मुलुखातले. ज्या हातांनी दरवर्षी मृगाच्या आधी कौले परतायची, वळचणीखालची माती सावरायची, भिंती सारवायच्या, ते हात मुंबईत राबू लागले. मागे राहिलेल्या घरात चार भावांचे चार हिस्से. आढे सर्वांचे, म्हणून त्याच्या दुरुस्तीचा खर्च कोणा एकाचा नाही. एक भाऊ खर्च करील तर लाभ चौघांचा, आणि न केल्यास तोटाही चौघांत वाटला जातो. म्हणून प्रत्येक जण थांबतो. एका पावसाळ्यात कौल सरकते, दुसऱ्यात वासा कुजतो, तिसऱ्यात भिंतीत पाणी मुरते. घर पडते ते आळसाने नव्हे. मजुरीसाठी झालेले स्थलांतर आणि विभागलेली मालकी या दोन कारणांनी ते पडते. अशा वेळी चौघांपैकी सर्वांत अडचणीत असलेल्या भावाची सही आधी मिळते. खरेदीदाराचा नफा विकताना होतो असे दिसते, पण त्याचा पाया खरेदीच्या दिवशी त्या अडचणीवर घातलेला असतो.

याच पठारावरचा माणूस मुंबईत गेला तर तेथे त्याला दुसरे टोक दिसते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतील भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर रोखून धरली. भाडेकरूला त्याने संरक्षण दिले आणि ते आवश्यक होते. तथापि त्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही, हा मालकांचा युक्तिवाद अगदीच निराधार नव्हता. इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती आणि पुनर्रचना मंडळ स्थापन झाले आणि उपकर घेऊन दुरुस्तीची जबाबदारी सार्वजनिक यंत्रणेने उचलली. त्या वेळी अशा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या, पैकी १६,५०२ या १९४० पूर्वीच्या. दुरुस्ती ही सामाजिक गरज आहे आणि तिचा निधी समाजाने उभारावा, हे तत्त्व महाराष्ट्राने त्या कायद्याने मान्य केले होते. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने चित्र पालटले. जुनी इमारत पाडून नवी बांधणाऱ्याला वाढीव चटईक्षेत्र देऊ केले गेले. जुनी इमारत नीट राखणाऱ्याला त्या तोलाचे काहीच मिळाले नाही. तेव्हापासून मोक्याच्या जागेवरची भक्कम इमारत मालकाला अडचण वाटू लागली आणि मोडकळीला आलेली इमारत संपत्ती ठरली.

दोन्ही टोके एकत्र ठेवली की एकच निष्कर्ष निघतो. आण्यासारख्या ठिकाणी जागेला भाव नाही म्हणून दुरुस्ती होत नाही. गिरगाव-परळसारख्या ठिकाणी जागेला फार भाव आहे म्हणून दुरुस्ती होत नाही. दोहोंच्या मध्ये, जेथे भाव चढण्याच्या बेतात आहे अशा पट्ट्यात मात्र हौसेने थापी धरली जाते. म्हणजे बाजारात दुरुस्तीचे श्रम भावाच्या चढउतारामागे धावतात. कोणाचे छप्पर गळते, हे त्यांना दिसत नाही.

गरजेमागे जाणारी दुरुस्ती महाराष्ट्राने पाहिलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत हजारो माणसे दगडमातीच्या जड भिंती आणि जाड मातीच्या माळवदांखाली गाडली गेली. त्यानंतरच्या पुनर्वसनात सर्वाधिक हानी झालेली गावे नव्या जागी वसवली गेली, याची चर्चा पुष्कळ झाली. त्याहून मोठे आणि कमी चर्चिले गेलेले काम म्हणजे जुन्या जागीच लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण. शासनाने अर्थसाहाय्य दिले, अभियंत्यांनी तंत्र सांगितले आणि काम घरमालकांनी स्वतःच्या देखरेखीखाली, पुष्कळदा स्वतःच्या हातांनी केले. भिंतीच्या दोन थरांना सांधणारे बंधदगड घालणे, छतावरचे मातीचे ओझे कमी करणे, भिंतींच्या डोक्यावरून पट्टा फिरवणे, ही तंत्रे खेड्यातील गवंडी शिकले. गावोगावच्या महिला मंडळांनी संवाद सहाय्यक म्हणून शासन आणि कुटुंबे यांच्यातील दुवा सांभाळला. त्या प्रयोगात उणिवाही होत्या. दगडाची धास्ती घेतलेल्या अनेक कुटुंबांनी जुनी भिंत मजबूत करण्याऐवजी मिळालेल्या पैशात शेजारी नवी खोली उभारली. पण त्या घरांची दुरुस्ती कोणी विकण्यासाठी केली नव्हती. त्यामुळे नफ्याची बाकी काढण्याचा प्रश्नच तेथे उद्भवला नाही. दुरुस्तीचा सगळा लाभ त्या छपराखाली निजणाऱ्यांना मिळाला.

हा अनुभव गाठीशी असताना शासनाची पुढची दिशा उलटी राहिली. इंदिरा आवास योजनेत १९९९ नंतर निधीचा काही हिस्सा कच्च्या घरांच्या सुधारणेसाठी राखलेला होता. २०१६ मध्ये तिची जागा घेणाऱ्या प्रधानमंत्री आवास योजनेने ग्रामीण भागात सपाट प्रदेशासाठी एक लाख वीस हजार आणि डोंगराळ प्रदेशासाठी एक लाख तीस हजार रुपये देऊ केले, ते नव्या घरासाठी. त्या योजनेतील एक गोष्ट मात्र मोलाची होती. घरकुलावर राबणाऱ्या लाभार्थीला रोजगार हमीतून ९० ते ९५ दिवसांची मजुरी जोडून देण्यात आली. स्वतःच्या घरावरचे श्रम हेही समाजमान्य श्रमच आहेत आणि त्यांना रोजी मिळाली पाहिजे, हे तत्त्व त्यातून रुजले. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीचा पाया घालणाऱ्या महाराष्ट्राला ते परके वाटण्याचे कारण नाही. नव्या भिंतीवरच्या घामाला रोजी मिळते, तर जुनी भिंत वाचवणाऱ्या घामाला का नाही, असा प्रश्न शासनाला विचारला गेला पाहिजे.

करांच्या बाबतीत तर विसंगती आणखी उघडी आहे. घर विकताना सुधारणेचा खर्च नफ्यातून वजा करता येतो, परंतु ज्याची पावती नाही त्या स्वतःच्या श्रमाची किंमत वजा करता येत नाही. दुसरीकडे, २०२४ च्या अर्थसंकल्पाने दोन वर्षांहून अधिक काळ धरून ठेवलेल्या घर-जमिनीच्या लाभावरील कराचा दर २० टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला. महागाईची वजावट काढून घेतली, पुढे २३ जुलै २०२४ पूर्वीच्या खरेदीदारांना दोन पद्धतींपैकी एक निवडण्याची मुभा दिली. तपशील काहीही असो, तत्त्व असे झाले की कायदा नुसते थांबून राहण्याला सवलत देतो आणि राबण्याला देत नाही. घामाचे गोडवे गाणाऱ्या गुंतवणूकदाराने खरे तर या कायद्याविरुद्ध समाजवाद्यांच्या बरोबरीने उभे राहावयास हवे.

आणि या सर्व चर्चेत ज्याचे नाव सर्वांत शेवटी येते तो गवंडी. मालक स्वतः राबला असे म्हटले जाते तेथेही अवघड काम बहुधा त्याचेच असते. कुजलेल्या आढ्यावर तो चढतो, पडू पाहणाऱ्या भिंतीखाली तोच उभा राहतो. दुरुस्तीचे काम नव्या बांधकामापेक्षा अनेकदा अधिक धोक्याचे, कारण जुनी वास्तू कोठे दगा देईल हे आधी कळत नाही. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने कल्याणनिधीसाठी उपकराची व्यवस्था केली, पण स्वतःच्या राहण्यासाठी चाललेली दहा लाखांपर्यंतची कामे त्याच्या कक्षेबाहेर ठेवली. २०२० च्या श्रमसंहितांनी ही मर्यादा पन्नास लाखांवर नेली. राहण्यासाठी म्हणून दुरुस्त करून वर्षभरात विकले जाणारे घर या सवलतीत सहज बसते. सवलत गरिबाच्या झोपडीसाठी होती, तिचा आडोसा व्यापाराने घेतला.

यावरून काही मागण्या स्पष्ट होतात. पहिली, ग्रामीण घरकुल योजनांत दुरुस्तीसाठी स्वतंत्र अनुदान असावे आणि घरमालकाने स्वतः केलेल्या श्रमाला रोजगार हमीची मजुरी मिळावी. सामाईक घराबाबत, जो हिस्सेदार प्रत्यक्ष राहतो त्याला इतरांच्या सह्यांवाचून छप्पर शाकारण्यापुरते अनुदान घेता यावे. दुसरी, करआकारणीत स्वतःच्या श्रमाची रास्त रोजी वजा करू द्यावी आणि जी वाढ केवळ जागेची आहे तिच्यावरील कर वाढवावा. नगररचना योजनेतील भूखंडांच्या मूल्यवाढीतून वाटा घेण्याची तरतूद १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमात आहे. ते तत्त्व गावठाणातील खरेदी-विक्रीलाही लावावे आणि तो वाटा ग्रामपंचायतीच्या दुरुस्ती निधीत जमा व्हावा. तिसरी, घेतल्यापासून ठरावीक मुदतीत विकल्या गेलेल्या घराच्या दुरुस्तीवर बांधकाम कामगारांचा उपकर वसूल व्हावा.

अशा कराने दुरुस्तीच थांबेल, असा आक्षेप घेतला जाईल. तो टिकणारा नाही. ज्याला श्रमाचा मोबदला हवा आहे त्याला तो या व्यवस्थेत पूर्ण मिळतो, आजच्यापेक्षा अधिक मिळतो. जो जागेच्या नफ्यासाठी आला होता तोच माघार घेईल, आणि त्याच्या जाण्याने घराची किंमत राहणाऱ्याच्या आवाक्यात येईल.

कायदे होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचेही कारण नाही. शेतीत इर्जिक घालण्याची आणि सावडीने काम करण्याची रीत मराठी खेड्याला ठाऊक आहे. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. आण्यातच रंगदासस्वामींच्या यात्रेला आमटी-भाकरीचा महाप्रसाद होतो. आमटी मोठमोठ्या कढयांत शिजते, भाकरी घरोघरच्या चुलीवर भाजल्या जातात आणि दूरदूरहून आलेला समुदाय जेवून उठतो. हजारो भाकरींची अशी जुळणी करणाऱ्या गावाला पावसाळ्यापूर्वी विधवेचे, वृद्धाचे, भूमिहीनाचे छप्पर शाकारण्याची जुळणी अशक्य नाही. राष्ट्र सेवा दलाच्या श्रमदान शिबिरांची परंपरा ज्यांना लाभली त्या कार्यकर्त्यांनी वैशाख-ज्येष्ठात असे दुरुस्ती सप्ताह घ्यावेत. बिगारी कामाला श्रमदान चालेल, पण गवंडी आणि सुतार यांना पुरी रोजी दिली जावी, हा दंडक त्यात कटाक्षाने पाळला पाहिजे. कारागिराचे पोट मारून केलेली सेवा ही सेवा नव्हे.

पठारावर आज ना उद्या पाणी चढेल, रस्ता रुंद होईल, पाहुणे येतील. त्या दिवशी तेथली घरे उभी असावीत आणि ती ज्यांची आहेत त्यांचीच असावीत. त्यासाठी पहिले कौल आताच परतावे लागेल.